बसऱ्याला गेलेले पणजोबा: लष्करातल्या पूर्वजाचा माग कसा काढायचा?

मनमाडच्या बौद्ध वस्त्यांत शिष्यवृत्ती आणि जात पडताळणीचे अर्ज भरून देण्याच्या कामात आम्हाला घरोघरी बसावे लागते. अर्जासोबत वंशावळ लागते. मुलाचे नाव, वडील, आजोबा, पणजोबा असे एकेक नाव लिहिताना घरातली म्हातारी माणसे मधेच थांबतात. "हा लढाईवर गेला होता. बसऱ्याला. परत आला नाही," एवढेच सांगतात. अर्जात त्यासाठी रकाना नसतो. आपण पुढचे नाव लिहितो आणि ते वाक्य तिथेच संपते.

पुढच्या वीस वर्षांत ते वाक्य सांगणारेही उरणार नाहीत. म्हणून लष्करात गेलेल्या आणि तिथेच मेलेल्या पूर्वजाचा शोध कुठून सुरू करावा, कोणत्या कागदांत तो सापडू शकतो आणि कुठे आपली फसगत होते, हे या लेखात एकत्र मांडत आहोत. आमचे मुख्य म्हणणे आधीच सांगतो. आपल्या माणसाला कोणत्या रजिस्टरात शोधायचे, हे त्याच्या शौर्याने ठरलेले नाही. त्या काळी जातीने त्याला कोणत्या दारातून आत घेतले, यावर ते ठरले आहे. ते दार ओळखले नाही तर शोध चुकीच्या यादीत सुरू होतो आणि "नोंदच नाही" असे म्हणून थांबतो.

सुरुवात घरातून

संगणकासमोर बसण्याआधी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ बसा. "पणजोबा कोणत्या रेजिमेंटमध्ये होते?" असा प्रश्न विचारलात तर उत्तर मिळणार नाही. असे विचारा: ते गेले तेव्हा आजोबा केवढे होते? पैसे मनीऑर्डरने यायचे का? पणजीला पेन्शन होती का, ती घ्यायला ती कुठे जायची? मेल्याची बातमी तारेने आली, पत्राने आली की बरोबरच्या माणसाने आणली? त्यांच्याबरोबर गावातले आणखी कोण गेले होते? माणसाला साल आठवत नाही. पण दुष्काळ, प्लेग, मोठी साथ, कुणाचे लग्न हे आठवते. "तापाच्या साथीच्या आधी गेला" हे वाक्य १९१८ च्या आधीची खूण ठरू शकते. आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करा, म्हणजे बोलण्यातले गावाचे नाव आणि उच्चार जसेच्या तसे राहतात.

मग ट्रंक उघडा. पदक असेल तर त्याची कड पाहा. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश वॉर मेडलच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि तुकडी बारीक इंग्रजी अक्षरांत कोरलेली असते. हे पदक लढाऊ शिपायाला चांदीचे मिळे, तर मजूर तुकड्यांतल्या आणि इतर बिनलढाऊ माणसांना ब्राँझचे. म्हणजे पदकाचा धातूसुद्धा माहिती देतो. कड घासून चकचकीत करू नका, अक्षरे जातील. पदक मोडीत गेले असेल तर त्याची पेटी, फीत किंवा गणवेशातला फोटो पाहा. फोटोतला टोपीवरचा किंवा खांद्यावरचा बिल्ला मोठा करून बघा.

तिसरी गोष्ट आपल्या जवळपास प्रत्येक घरात आहे आणि ती म्हणजे जात पडताळणीची फाईल. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो, म्हणून आपल्या लोकांनी शाळेचे जनरल रजिस्टर, कोतवाल बुक, जुने फेरफार असे कितीतरी उतारे आधीच काढून ठेवलेले असतात. चुलत्याची, आतेभावाचीही फाईल मागा. कौटुंबिक इतिहासाचे निम्मे काम त्या फायलींत झालेले असते.

काळ ठरवा, मग दार ओळखा

महारांच्या लष्करी सेवेचा इतिहास सलग नाही. त्यात दार उघडे आणि दार बंद असे टप्पे आहेत, आणि तेच आपला नकाशा आहेत.

पहिला टप्पा ईस्ट इंडिया कंपनीच्या बॉम्बे आर्मीचा. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगाव भीमा लढाईच्या स्तंभावर पडलेल्या ४९ जणांची नावे असून त्यांतील २२ नावे 'नाक' या प्रत्ययावरून महारांची ओळखली जातात. त्या काळी आडनाव नसे. माणसाचे नाव, त्याला लागलेला 'नाक' आणि बापाचे नाव एवढीच ओळख असे. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ याच सैन्यात सुभेदार झाले आणि आजोबा मालोजीही सैन्यात होते. बाबासाहेबांचा जन्म १८९१ मध्ये महूच्या छावणीत झाला.

दुसरा टप्पा बंद दाराचा. लॉर्ड रॉबर्ट्स १८८५ ते १८९३ या काळात भारतातील सरसेनापती होते. त्यांच्या काळात 'लढाऊ जाती'चा सिद्धांत पक्का झाला आणि १८९२ च्या सुमारास महारांची भरती थांबली. निवृत्त लष्करी माणूस असलेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध विनंतीपत्र तयार केले. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी पुन्हा सरकारकडे अर्ज केला. आमच्या वाडवडिलांनी या सैन्यात सेवा केली आहे, हाच या अर्जांचा आधार होता. म्हणजे पूर्वजांच्या सेवेचा दाखला देऊन हक्क मागणे हे आपल्या चळवळीचे अगदी सुरुवातीचे काम आहे.

तिसरा टप्पा थोडा काळ उघडलेल्या दाराचा. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागल्यावर १९१७ मध्ये '१११ महार्स' ही पलटण उभी राहिली. युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये ती मोडीत काढली.

चौथा टप्पा १ ऑक्टोबर १९४१ पासूनचा. त्या दिवशी बेळगावात महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. त्याच वर्षी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार मंडळावर होते आणि महारांच्या पलटणीसाठी त्यांनी सतत पाठपुरावा केला होता. रेजिमेंटच्या सुरुवातीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता.

शिपाई की फॉलोअर?

आता सुरुवातीच्या वाक्याकडे येऊ. "बसऱ्याला गेला, परत आला नाही." बसरा म्हणजे मेसोपोटेमिया, आजचा इराक. ब्रिटिश-भारतीय फौज तिथे नोव्हेंबर १९१४ मध्ये उतरली. समजा, घरातल्या खुणांवरून पणजोबा १९१६ मध्ये गेले असे दिसते. पण १९१६ मध्ये महारांना पलटणीत शिपाई म्हणून जवळजवळ प्रवेश नव्हता. मग ते गेले कसे?

उत्तर बहुधा असे असते की ते 'फॉलोअर' म्हणून गेले. लेबर कोअर, पोर्टर कोअर, खेचरांच्या तुकड्या, पुरवठा व वाहतूक खाते, जखमींना वाहून नेणारी बेअरर कोअर, इस्पितळे, स्वयंपाक, पाणी, सफाई, घोड्यांची निगा अशी ही खाती होती. तुरुंगांतल्या कैद्यांतूनही मजूर आणि हमालांच्या तुकड्या भरल्या गेल्या. काही घरांत या विषयावर मौन असते, त्याचे हेही कारण असू शकते. पहिल्या महायुद्धात भारतातून सुमारे १४ लाख माणसे भरती झाली. त्यांतील साडेपाच लाखांहून अधिक बिनलढाऊ होती. इतिहासकार राधिका सिंघा यांनी या माणसांवरच २०२० मध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहिला आहे.

इथे आपल्या तरुणांची घालमेल होते. घरात तीन पिढ्या "आमचे पणजोबा शिपाई होते" असे सांगितले गेले आणि कागदात 'हमाल' निघाला. काही जण तिथेच फाईल मिटतात. आम्हाला वाटते, इथेच खरा अभ्यास सुरू होतो. तो माणूस त्याच बोटीतून गेला, त्याच उन्हात राबला आणि कॉलरा, स्कर्व्ही, हिवतापाने मेला. मेसोपोटेमियात रोगराईने गेलेल्यांची संख्या फार मोठी होती. त्याच्या हातात बंदूक नव्हती, कारण ती देण्यास सरकारनेच नकार दिला होता. त्याला खोटा सुभेदार करून आपण त्याचा मान वाढवत नाही. उलट त्याच्यावर झालेला अन्याय आपणच झाकतो.

मनमाडकरांना हे नवीन वाटू नये. १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी याच गावात जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले ते इथेच. रेल्वेत आपल्या माणसाला गँगमनच्या कामापलीकडे जाऊ दिले जात नाही, पोर्टरची नोकरीही मिळत नाही, असे त्यांनी त्या भाषणात दाखवून दिले. लष्करातही तेच होते. आत घेतले, पण जागा जातीने ठरवली. त्यामुळे पलटणींच्या यादीत नाव नसेल तर शोध थांबवू नका, लेबर आणि पोर्टर कोअरच्या यादीकडे वळा.

नाव कसे शोधायचे?

सर्वांत उपयोगी आणि मोफत साधन म्हणजे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावरची यादी. पहिल्या महायुद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळातील सेवेतले मृत्यू तिथे धरले आहेत. म्हणजे युद्ध संपल्यावर आजाराने गेलेला माणूसही त्यात असू शकतो. नोंदीत नाव, हुद्दा, नंबर, तुकडी, मृत्यूची तारीख आणि स्मारक असते. पुष्कळ नोंदींत बापाचे किंवा बायकोचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हाही असतो.

शोधताना या गोष्टी ध्यानात ठेवा:

• आजचे आडनाव घालू नका. भरतीच्या वेळी बहुतेकांनी फक्त स्वतःचे आणि बापाचे नाव सांगितले. आडनावे पुढे शाळेत लागली, काहींनी नंतर बदलली.

• कारकुनाने जसे ऐकले तसे इंग्रजीत लिहिले. सोनू, सोना, सोन्या, भिवा, भिमा, धोंडी, धोंडू असे सगळे पर्याय घालून पाहा.

• गाव आणि जिल्ह्यावरून शोधा. जुन्या कागदांत नाशिक हे 'नासिक' असे आहे. मनमाडच्या आसपासच्या नांदगाव, येवला, चांदवड, मालेगाव या तालुक्यांची इंग्रजी स्पेलिंगही निरनिराळी मिळतात. माणूस मनमाडला राहत असला तरी नोंदीत त्याचे मूळ गाव असेल.

• धर्माच्या रकान्यात 'हिंदू' दिसले म्हणून तो आपला नव्हे असे समजू नका. धम्मदीक्षा १९५६ ची आहे.

जिल्ह्याचे नाव बदलल्याने कशी गल्लत होते, याचे एक उदाहरण घ्या. नाईक यशवंत घाडगे मराठा लाइट इन्फंट्रीचे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात ते मारले गेले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचे गाव माणगाव तालुक्यातील पळसगाव. आज आपण 'रायगड जिल्हा' म्हणून शोधू, पण तेव्हा तो कुलाबा जिल्हा होता. आणि एवढा मोठा सन्मान मिळालेल्या या माणसाचीही कबर नाही, कॅसिनो येथील स्मारकावर नाव आहे. तेव्हा पूर्वजाची कबर सापडली नाही म्हणून नाउमेद होण्याचे कारण नाही.

कोणते स्मारक कुठल्या आघाडीचे, हे माहीत असले की घरातल्या आठवणीशी मेळ घालता येतो. फ्रान्स-बेल्जियममध्ये गेलेल्या ४,७०० हून अधिक भारतीय शिपाई आणि मजुरांची नावे न्यूव्ह शापेल स्मारकावर आहेत. मेसोपोटेमियासाठी बसरा स्मारक आहे. तिथे ४० हजारांहून अधिक जणांची स्मृती आहे, पण अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली आणि बहुसंख्य भारतीय शिपायांची फक्त संख्या लिहिली गेली. त्यांची नावे कमिशनच्या नोंदवहीत शोधावी लागतात. ब्रह्मदेशात गेलेल्यांसाठी तौक्यान येथील रंगून स्मारक आहे, तिथे सुमारे २७ हजार नावे आहेत. दिल्लीच्या इंडिया गेटवरही १३ हजारांहून अधिक नावे आहेत. आपण शाळेच्या सहलीत तिथे फोटो काढतो, नावे मात्र वाचत नाही.

गाव आणि तहसीलमधले कागद

परदेशातला मृत्यू गावच्या जन्म-मृत्यू नोंदीत बहुधा नसतो. तरी कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, पाहाच. त्यात मुलांचे जन्म सापडतात आणि शेवटच्या मुलाच्या जन्मावरून बाप घरी केव्हापर्यंत होता याचा अंदाज येतो. मनमाड, नांदगाव भागातल्या गावांसाठी नांदगाव तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करावा लागतो. जुनी पाने मोडीत असतील तर मोडी वाचणाऱ्याची मदत घ्या.

घराण्याकडे महार वतनाची जमीन असेल तर फेरफार नोंदवही, म्हणजे गाव नमुना ६, फार महत्त्वाची. वतनदार मयत झाला की वारसाची नोंद व्हायची. "अमुक मयत, वारस मुलगा अज्ञान, पालनकर्ती आई" अशी नोंद सापडली तर मृत्यूचा काळ दोन-तीन वर्षांच्या टप्प्यात येतो. हाडकी-हाडवळ्याचा तो तुकडा आता आपल्याकडे नसेलही, पण त्याने मागे ठेवलेला कागद कामाला येतो.

गावात जुनी संगमरवरी पाटी आहे का, तेही पाहा. पहिल्या महायुद्धानंतर अनेक गावांत अशा पाट्या बसवल्या गेल्या. या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतके मेले, एवढाच मजकूर असतो. नावे नसतात. पण पाटीवरचा आकडा आणि तुम्ही शोधलेली नावे जुळवून पाहता येतात.

१९४१ नंतरचा शोध

दुसऱ्या महायुद्धापासूनच्या शोधासाठी रेजिमेंटचे अभिलेख कार्यालय असते. महार रेजिमेंटचे केंद्र मध्य प्रदेशात सागर येथे आहे. पायोनिअर कोअरचे बेंगळुरूला आणि बॉम्बे सॅपर्सचे पुण्याजवळ खडकीला. आपले सगळे लोक महार रेजिमेंटमध्येच होते असे धरू नका. पायोनिअर, वाहतूक आणि इंजिनिअर्सच्या तुकड्यांतही होते. कोणत्या कार्यालयाला लिहायचे ते ठरत नसेल तर नाशिकच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा.

पत्रात नंबर, हुद्दा, नाव, बापाचे नाव, गाव आणि अंदाजे काळ लिहा, सोबत नाते दाखवणारा कागद जोडा. नंबर सर्वांत मोलाचा. पेन्शनचा जुना कागद मिळाला तर तो त्यावर असतो. उत्तर आले नाही तर १० रुपये शुल्क भरून माहिती अधिकारात अर्ज करता येतो. मात्र पेन्शन न मिळालेल्यांचे कागद ठरावीक काळानंतर नष्ट केले जातात, ही शक्यता मनात ठेवा. स्वातंत्र्यानंतर शहीद झालेल्यांची नावे दिल्लीतील राष्ट्रीय युद्ध स्मारकावर आहेत, ती घरबसल्याही शोधता येतात. जुन्या सरकारी पत्रव्यवहारासाठी राष्ट्रीय अभिलेखागाराचे 'अभिलेख पटल' हे संकेतस्थळ पाहा.

नाव जुळले म्हणजे माणूस जुळला नाही

यादीत 'रामा, नाशिक जिल्हा' असे दिसले की मन उड्या मारते. थांबा. रामा शेकडो होते. आमचा साधा नियम असा: नावाखेरीज आणखी दोन गोष्टी जुळल्या पाहिजेत. बापाचे नाव आणि गाव, किंवा बायकोचे नाव आणि मृत्यूचा काळ. तोवर वहीत 'शक्यता' असेच लिहा. परंपरेने चालत आले किंवा थोरामोठ्यांनी सांगितले, एवढ्यावर कोणतीही गोष्ट मानू नका, हे कालाम सुत्तात तथागतांनी शिकवले आहे. पणजोबांच्या बाबतीतही तेच लागू आहे. प्रत्येक माहितीपुढे ती कुठून मिळाली आणि कोणत्या तारखेला मिळाली, हे लिहून ठेवा. पुढची पिढी तपासून पाहू शकेल असाच शोध टिकतो.

सापडलाच नाही तर

हेही होईल. पण न सापडणे ही नेहमीच आपली चूक नसते. वॉर ग्रेव्हज कमिशनने नेमलेल्या विशेष समितीने २०२१ मध्ये अहवाल दिला. पहिल्या महायुद्धात मेलेल्या ४५ ते ५४ हजार माणसांची स्मृती असमानतेने जपली गेली आणि किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत माणसांची नावे नोंदलीच गेली नाहीत किंवा त्यांचे स्मारकच झाले नाही, असे त्यात मान्य केले आहे. ही बहुतांशी आफ्रिका आणि आशियातली माणसे होती. सेवा आणि मृत्यू यांचा पुरावा देऊन राहिलेले नाव जोडण्याची मागणी आज कमिशनकडे करता येते. म्हणजे तुमच्या हातातला पेन्शनचा कागद, पदक किंवा पत्र एखाद्या माणसाला शंभर वर्षांनंतर यादीत जागा मिळवून देऊ शकतो.

पंजाबात काय झाले ते पाहा. लाहोर संग्रहालयात पडून असलेल्या नोंदवह्यांतून पहिल्या महायुद्धातल्या सुमारे ३ लाख २० हजार पंजाबी सैनिकांची माहिती पुढे आली आणि २०२१ पासून ती लोकांना खुली होऊ लागली. आपल्याकडे असे काम कुणी आयते आणून देणार नाही. ते वस्तीपासूनच सुरू करावे लागेल.

म्हणून एक सुचवतो. प्रत्येक विहारात एक साधी वही ठेवा. त्यात लढाईवर गेलेल्याचे नाव, बापाचे नाव, मूळ गाव, खाते, मृत्यूचा काळ आणि पुरावा असे रकाने आखा. शिपाई, मजूर, हमाल, भिस्ती, सगळे एकाच यादीत, हुद्द्याची उतरंड न लावता. १ जानेवारीला आपण कोरेगावला जातो, तिथल्या स्तंभाला मानवंदना देतो. जाण्याआधी आपल्या विहारात त्रिसरण-पंचशील झाल्यावर या वहीतली नावे मोठ्याने वाचावीत. आणि या रविवारी घरातल्या आजीजवळ बसून एवढेच विचारावे: "तो परत आला नाही, त्याचं नाव काय होतं?"

जय भीम!